पडण्याचं निमित्त

मराठी घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. "पडायचं निमित्त झालं, आणि आजी गेल्या." मोरीत पाय सटकला, उंबऱ्याला ठेच लागली किंवा पहाटे अंधारात उठताना तोल गेला. खुब्याचं हाड मोडलं, आजींनी अंथरूण धरलं आणि चार-सहा महिन्यांत सगळं संपलं. भेटायला आलेले नातेवाईक "वय झालं होतं" म्हणतात आणि घरचेही मान डोलावतात. 'निमित्त' हा शब्द मोठा कनवाळू आहे. आपण जवळ असतो तर, ही मागे राहिलेल्यांची टोचणी तो बोथट करतो. पण त्याच शब्दापाशी चौकशीही थांबते. आजी पडल्या का, हे मग कुणी विचारत नाही.

वैद्यकशास्त्रानंही हा प्रश्न फार उशिरा विचारला. मोडलेल्या हाडाकडे त्याचं लक्ष आधीपासून होतं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातले शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२२ मध्ये निखळलेल्या सांध्यांवर आणि मोडलेल्या हाडांवर मोठा ग्रंथ लिहिला. म्हातारपणी मांडीच्या हाडाची मान किती क्षुल्लक कारणानं मोडते, हे त्यांनी त्यात नोंदवलं. पदपथाच्या कडेवरून पाय घसरणं एवढंही त्याला पुरे होतं. पुढची शंभर वर्षं अशा रुग्णाच्या वाट्याला बहुधा बिछानाच आला. बोस्टनच्या मारियस स्मिथ-पीटरसन यांनी तीन पात्यांच्या पोलादी खिळ्यानं हे हाड सांधण्याची पद्धत १९३१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा खुबा मोडलेला माणूस पुन्हा उभा राहण्याची खरी आशा निर्माण झाली. हाड कसं मोडतं आणि कसं जोडायचं, ते कळलं होतं. माणूस मुळात का पडतो, हे मात्र कुणी शोधत नव्हतं.

तोल या गोष्टीचा अभ्यास दुसऱ्याच वाटेनं चालला होता, आणि त्याचा म्हाताऱ्या माणसांशी काही संबंध नव्हता. पॅरिसमध्ये पिएर फ्लुरां यांनी १८२० च्या दशकात कबुतरांच्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या. ती कबुतरं बहिरी झाली नाहीत, पण गरगर फिरू लागली. कान ऐकण्यापलीकडेही काही काम करतो, याचा तो पुरावा होता. बर्लिनचे मोरित्झ रोम्बर्ग यांनी १८४० च्या दशकात मज्जारज्जूचा विकार झालेल्या रुग्णांची एक खूण लिहून ठेवली. पाय जुळवून उभं राहताना डोळे उघडे असतील तर हे रुग्ण ठीक असत, डोळे मिटले की डोलू लागत. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले तरी त्यांचा तोल जाई. व्हिएन्नाच्या रोबर्ट बारानी यांनी कानात कोमट आणि गार पाणी सोडून, डोळ्यांच्या थरथरीवरून कानातल्या या यंत्रणेची परीक्षा घेण्याची रीत बसवली. त्यासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा ते रशियाच्या युद्धकैदेत होते.

या सगळ्यातून एक चित्र तयार झालं. माणूस डोळे, आतला कान आणि पायांच्या तळव्या-सांध्यांतून येणारी जाणीव या तिघांच्या भरवशावर उभा असतो. तिन्हींकडून आलेल्या खबरा मेंदू जुळवतो आणि स्नायूंना हुकूम देतो. एक खबर बंद पडली तर उरलेल्या दोन सांभाळून घेतात. दोन अधू झाल्या की पंचाईत होते. मधुमेहानं तळपाय बधिर झालेला माणूस तोंडाला साबण लावून डोळे मिटतो तेव्हा बर्लिनच्या त्या रुग्णांसारखाच तोही एका कानाच्या भरवशावर राहतो. आपल्याकडच्या न्हाणीघरात तर पायाखाली पाणीही असतं.

म्हाताऱ्यांकडे रुग्ण म्हणून पाहण्याची सुरुवात १९३५ मध्ये लंडनजवळ झाली. वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलानं शेजारच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमाचा दवाखाना ताब्यात घेतला आणि त्यातल्या ७१४ रुग्णांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्यावर आली. कित्येक जण वर्षानुवर्षं अंथरुणात पडून होते, आणि त्यांना नेमकं काय झालंय हेही धड तपासलेलं नव्हतं. वॉरनबाईंनी एकेकाला तपासलं, गट पाडले, अंधाऱ्या वॉर्डांत उजेड आणला आणि रुग्णांना खाली उतरवून चालायला लावलं. बरेच जण घरी गेले. १९४७ मध्ये डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणात पडून राहण्याचे धोके एकेका अवयवानुसार मांडले. विश्रांती म्हणजे औषध, या जुन्या समजुतीला तडा गेला.

त्याच सुमारास वुल्व्हरहॅम्प्टन या इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या गावात डॉ. जोसेफ हेरॉल्ड शेल्डन एका वेगळ्या कामाला लागले होते. इस्पितळात येणारे म्हातारे तेवढे पाहिले तर म्हातारपण कळणार नाही, अशी त्यांची धारणा होती. दुसऱ्या महायुद्धामुळे रेशन चालू होतं, आणि रेशनच्या नोंदींत गावातला प्रत्येक माणूस होता. शेल्डननी त्या नोंदींतून नावं निवडली आणि वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची पाहणी केली. कोण किती चालतं, कोण स्वयंपाक करतं, कोणाची देखभाल कोण करतं, आणि कोण किती वेळा पडतं, हे सगळं त्यांनी विचारलं. १९४८ मध्ये ही पाहणी पुस्तकरूपानं आली. पडणं ही म्हातारपणातली सर्रास घडणारी गोष्ट आहे आणि ती बायकांमध्ये बरीच जास्त आहे, हे तिच्यातून दिसलं. इस्पितळाच्या खाटेवरून ते कधीच दिसलं नसतं.

शेल्डन तिथेच थांबले नाहीत. १९६० मध्ये त्यांनी २०२ जणांच्या ५०० पडण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या क्षेत्रातला तो पहिला मोठा दस्तऐवज मानला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : म्हातारी माणसं पडायचीच, असं सगळ्यांनी मुकाट्यानं गृहीत धरलं, म्हणून त्याविषयी कुणाला कुतूहलच उरलं नाही. आपल्या 'निमित्ता'चा हा इंग्रजी अवतारच होता, आणि शेल्डननी त्यावर थेट बोट ठेवलं.

मग त्यांनी ५०० पडण्यांची वर्गवारी केली. साधारण एक-तृतीयांश पडणी अपघाती होती. त्यांत जिन्यावरची पडणी वेगळी मोजली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट हाती लागली. जिना संपला असं वाटून पाऊल टाकलं आणि शेवटची पायरी उरलीच होती, अशा पद्धतीनं बरेच जण पडले होते. कारण होतं अपुरा उजेड आणि शेवटपर्यंत न पोचणारा कठडा. जवळपास चौथा हिस्सा पडणी गूढ होती. काही सूचना न देता, शुद्ध न हरपता पाय एकाएकी गळून जात आणि माणूस खाली कोसळे. मग स्वतःहून उठता येत नसे. पण तळव्यांना एखादा भक्कम आधार लागला की पायांत ताकद परत येई, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं. बाकीच्यांत ठेच लागणं होतं, चक्कर होती, मान मागे टाकून वर पाहणं होतं. एकाच नावाखाली दडलेल्या अनेक घटना त्यांनी सुट्या केल्या.

१९६३ मध्ये शेल्डननी आणखी एक साधा प्रयोग केला. उभा असलेला माणूस किती डोलतो, हे त्यांनी कागदावर उमटवून घेतलं. लहान मुलं खूप डोलतात, तरुणपणी डोलणं कमी होतं, मध्यम वयात ते तसंच राहतं आणि उतारवयात पुन्हा वाढतं. तोल ही जन्मतः मिळून कायमची राहणारी चीज नाही, ती कमावलेली आहे आणि हळूहळू गमावली जाते, हे त्या रेघांनी दाखवलं. गमावण्याची गती कमी करता येते का, हा प्रश्न पुढच्या पिढीकडे गेला.

ग्लासगोत आणि पुढे बर्मिंगहॅममध्ये काम केलेले डॉ. बर्नार्ड आयझॅक्स यांनी वार्धक्यातल्या चार 'राक्षसां'ची कल्पना मांडली : हालचाल थांबणं, तोल ढळणं, मलमूत्रावरचा ताबा जाणं आणि बुद्धी मंदावणं. या चारांना एकेकटं असं कारण नसतं आणि सोपा इलाजही नसतो. म्हणून पडणं हा स्वतः आजार नसून आत चाललेल्या कशाची तरी खूण आहे, अशा नजरेनं डॉक्टर पाहू लागले. आयझॅक्स यांनी मॅथायस आणि नायक या सहकाऱ्यांसह १९८६ मध्ये एक चाचणी सुचवली. खुर्चीतून उठायचं, थोडं चालायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं. १९९१ मध्ये कॅनडातल्या पॉडसियाड्लो आणि रिचर्डसन यांनी तिला घड्याळ लावलं आणि अंतर ३ मीटर ठरवलं. या कसोटीला यंत्र लागत नाही, खुर्ची आणि घड्याळ एवढंच पुरतं. आज अमेरिकेत १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर त्या व्यक्तीला पडण्याचा धोका आहे असं धरून पुढची तपासणी होते.

अमेरिकेत न्यू हेवन इथल्या येल विद्यापीठात डॉ. मेरी टिनेटी यांनी हाच धागा उचलला. त्यांनी घरी राहणाऱ्या, ७५ वर्षांवरच्या ३३६ जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं. १०८ जण किमान एकदा पडले. १९८८ मध्ये आलेल्या या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष कारणांच्या बेरजेचा होता. झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या गोळ्या, पायांतली दुर्बलता, पावलांचे विकार, चालण्यातला आणि तोलातला दोष, मंदावलेली बुद्धी अशा कारणांपैकी ज्याच्याकडे एकही नव्हतं, त्याची वर्षभरात पडण्याची शक्यता ८ टक्के होती. ज्याच्याकडे चार किंवा जास्त होती, त्याची ७८ टक्के. एक कारण कमी केलं तरी धोका उतरतो, असा याचा अर्थ होता. १९९४ मध्ये टिनेटींनी तो सिद्धही केला. ७० वर्षांवरच्या ३०१ जणांपैकी निम्म्यांच्या गोळ्या तपासून कमी केल्या, उठताना रक्तदाब उतरत असेल तर सावकाश उठायला शिकवलं, व्यायाम दिला. वर्षभरात त्यांच्यातले ३५ टक्के पडले, बाकीच्यांतले ४७ टक्के.

पण सगळ्यात हृद्य प्रकरण घडलं ते जगाच्या दक्षिण टोकाला. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातल्या ओटागो विद्यापीठात डॉ. जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० वर्षांवरच्या २३३ स्त्रिया निवडल्या. ऐंशीच्या पुढच्या बाईला व्यायाम सांगायचा, हे तेव्हा अनेकांना धाडसच वाटलं असेल. फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी गेली. घोट्याला वजनाचे पट्टे बांधून पाय उचलणं, टाचांवर आणि चवड्यांवर उभं राहणं, एका पायाच्या चवड्याला दुसऱ्याची टाच लावून चालणं, उलट चालणं, एका पायावर उभं राहणं, हातांचा टेकू न घेता खुर्चीतून उठणं. आधाराला स्वयंपाकघरातला ओटा. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास, आणि जमेल तसं चालणं. १९९७ मध्ये निकाल आला. व्यायाम करणाऱ्या गटात वर्षभरात ८८ पडणी झाली, न करणाऱ्या गटात १५२. पुढे अशा चार चाचण्यांतले १,०१६ जण एकत्र मोजले, तेव्हा पडणी ३५ टक्क्यांनी घटलेली दिसली. त्यांतल्या एका चाचणीत हे व्यायाम फिजिओथेरपिस्टनं नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या परिचारिकेनं घरोघरी जाऊन शिकवले होते, आणि तिथेही ते लागू पडले.

याच काळात अटलांटाच्या एमरी विद्यापीठात २०० वृद्धांवर चीनच्या ताई-ची या संथ व्यायामाची चाचणी झाली. १५ आठवड्यांच्या ताई-चीनं पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका सुमारे निम्म्यावर आला, तर संगणकाच्या पाटावर तोलाचा सराव केलेल्या गटाला तसा फायदा झाला नाही. १०८ चाचण्या आणि २३ हजारांवर माणसं एकत्र करून २०१९ मध्ये जो आढावा निघाला, त्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं असा निष्कर्ष आला. त्यातही तोलाला आव्हान देणारा व्यायाम सर्वांत उपयोगी ठरला.

ठेचाही लागल्या, आणि त्या सांगायलाच हव्यात. हाताचं हाड मोडून गेलेल्या बायकांना भरभर चालायला लावण्याचा प्रयोग १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये झाला, तेव्हा चालणाऱ्या बायका जास्त पडल्या. नुसतं चालणं तोल शिकवत नाही, उलट पडण्याच्या संधी वाढवतं. आपल्याकडे 'मॉर्निंग वॉक' म्हणजे सगळा व्यायाम असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ऑस्ट्रेलियात २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा 'ड' जीवनसत्त्वाचा पाच लाख एककांचा मोठा डोस दिला. हाडं बळकट होतील ही आशा होती. २०१० मध्ये निकाल आला, तेव्हा डोस घेतलेल्या स्त्रिया जास्त पडल्या होत्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली होती. ओटागोच्याच संशोधकांनी झोपेच्या गोळ्या हळूहळू बंद करून पाहिल्या. पडणी दोन-तृतीयांशानं घटली, पण चाचणी संपल्यावर महिन्याभरात जवळपास निम्म्या लोकांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. कारण कळलं म्हणून सवय सुटतेच असं नाही.

या इतिहासाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या संस्थेत दोर, खुर्च्या, पाट, ठोकळे आणि पट्टे यांच्या आधारानं आसनं शिकवली. त्यामुळे ज्यांचे सांधे आखडले आहेत त्यांनाही उभं राहून करायची आसनं साधू लागली. २०१३ मध्ये सिडनीत ५९ ते ८७ वयाच्या ५४ जणांवर याच पद्धतीच्या १२ आठवड्यांच्या वर्गाची चाचणी झाली आणि त्यांचा तोल आणि चालणं सुधारलं. पडणं कमी होतं की नाही, हे ठरवायला ती चाचणी फार लहान होती. पण खुर्ची धरून केलेलं वृक्षासन आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, यांत तत्त्वाचा फरक नाही.

मराठी घराच्या सवयींत तोलाची तालीम पूर्वी आपोआप होत असे. पाटावर बसून जेवणं, उकिडवं बसून भांडी घासणं, जात्याशी आणि चुलीशी उठबस, देवापुढे वाकणं. दिवसाकाठी पंचवीस-तीस वेळा जमिनीवरून उठणारी बाई पायांचे स्नायू राखून होती. डायनिंग टेबल, ओटा आणि कमोड आले आणि गुडघ्यांचा त्रास वाचला. मात्र त्याबरोबर ही उठबसही गेली, आणि तिच्या जागी काही आलं नाही. घराचे धोके मात्र तसेच राहिले, काही वाढले. गुळगुळीत फरश्या, त्यांवर सांडलेलं पाणी, न्हाणीघराच्या दाराशी उंचवटा, कठडा नसलेला जिना, पायात घोळणारं पातळ, सैल रबरी चप्पल.

भारतात वृद्धांसाठीचा पहिला स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग १९७८ मध्ये मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकारानं सुरू झाला, म्हणजे वॉरनबाईंच्या वॉर्डानंतर चार दशकांनी. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटींवर होती, आणि महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळपास एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे मरतात, त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. ओटागोनं दाखवलेलं काम महाग नाही. गावातली प्रशिक्षित आरोग्यसेविका ते शिकवू शकते. महाराष्ट्रानं ते सार्वजनिक आरोग्याचं काम म्हणून हाती घ्यायला हवं.

तोवर घरच्यांच्या हाती बरंच आहे. बहुतेक म्हातारी माणसं आपलं पडणं लपवतात. मुलं घाबरतील, एकट्यानं बाहेर जाऊ देणार नाहीत, ही भीती त्यांना असते. म्हणून शेल्डननी वुल्व्हरहॅम्प्टनच्या दारोदारी विचारलेला प्रश्न आपण आपल्या घरात विचारावा : आई, बाबा, गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात? रागावू नये, घाई करू नये. कुठे पडलात, किती वाजता, उजेड होता का, पायात काय होतं, त्याआधी कोणती गोळी घेतली होती, उठताना चक्कर आली होती का, हे एका कागदावर लिहून काढावं आणि तो कागद, घरातल्या सगळ्या गोळ्यांसह, डॉक्टरांपुढे ठेवावा. न्हाणीघरात भिंतीला पकडायला एक दांडी बसवावी. आणि संध्याकाळी चहा उकळेपर्यंत आईबरोबर ओट्याला हात टेकून आपणही एका पायावर उभं राहावं.